बाहेरून लावायची भिंत

बसा ना. लाइट आत्ताच गेली. इन्व्हर्टर आहे, पण तो मी स्वतः जोडलाय, त्यामुळं लाइट असतानाच तेवढा चालतो. हा कंदील बरा. ग्लॅडिस आत फोनवर आहे, येईल. मला दौंडला निघायचंय, लेकीकडं. तिच्या फ्लॅटमधलं एक दार नीट लागत नाही म्हणते. गाडी सांगितलीय, ती येईपर्यंत पिशवी भरतो आणि तुमच्याशी बोलतो. हातोडी, पटाशी, रंधा, बिजागऱ्या... आणि ही पट्टी, पाण्याचा बुडबुडा असलेली. दार सरळ बसलंय की नाही, ते हा बुडबुडा सांगतो.

दाराच्या कामाला मी ही गवंड्याची थापी कशाला घेतोय, असं तुमच्या मनात आलं असेल. तेच सांगतो.

माझी सगळी नोकरी दौंडला रेल्वेच्या तिकीट खिडकीत गेली आणि सगळा संसार क्वार्टरमध्ये. घर आपलं नव्हे, म्हणून मी भिंतीला कधी खिळासुद्धा ठोकला नाही. कॅलेंडर दाराच्या कडीला टांगायचं. रिटायर झाल्यावर शिरूरला हे घर घेतलं, तेव्हा आधी ड्रिल मशीन आणलं आणि मग गॅसची शेगडी. शिरूर का, तर ग्लॅडिसचं माहेर इथलं, मिशनच्या चर्चजवळचं. घर गावाच्या कडेला, मागं थेट ऊस. वडगाव रासाईच्या शंकररावांचं हे जुनं घर, बरीच वर्षं बंद होतं. का बंद होतं, ते मी विचारलं नाही. मला तेव्हा भिंतींशी मतलब होता.

मग मी जो सुटलो! ड्रिलचं पहिलंच भोक पाण्याच्या पाइपात पडलं. बाथरूमचा नळ बदलला, तर गरम पाणी संडासात यायला लागलं. फोनवर व्हिडिओ लावायचा, समोर सामान मांडायचं, आणि तो माणूस जे पाच मिनिटांत करतो ते मी आठवडाभर करायचं, असा क्रम होता. भांडी घासायला ग्लॅडिसला विटांचा कट्टा बांधून दिला. तिनं त्यावर भरलेला हंडा ठेवला आणि कट्टा हंड्यासकट खाली बसला. नंतर कळलं, विटा आधी पाण्यात भिजवायच्या असतात. कोरडी वीट सिमेंटमधलं सगळं पाणी पिऊन टाकते. व्हिडिओत ते सांगितलं असणार, पण मी तो पुढं ढकलत बघितला होता.

"अहो, तुम्ही तिकिटंच कापत बसायला हवं होतं," ग्लॅडिस पाय चोळत म्हणाली. "तेवढं तुम्हाला येत होतं."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर मर्सीची बातमी आली. आमची एकुलती एक लेक. लग्नाला बरीच वर्षं झाली, एकदा आशा लागून मोडलीही होती. आता मात्र सगळं ठीक होतं आणि पहिल्या बाळंतपणाला ती आमच्याकडं येणार होती. आमचा आनंद विचारू नका. मागची खोली तिला द्यायची ठरली. पण त्या खोलीला वारा नाही, आणि मागच्या भिंतीचा गिलावा एका ठिकाणी फुगलेला. पोर आणि बाळ त्या कोंडमाऱ्यात ठेवायचं? मी म्हटलं, मी बघतो.

पोकळ फरशी किंवा पोकळ गिलावा कसा ओळखायचा माहीत आहे ना? नाण्यानं वाजवून बघायचं. मी वाजवत गेलो. टक, टक, टक... आणि फुगलेल्या भागात आवाज बदलला. गिलावा खरवडला, तर आतल्या विटा निराळ्या. बाकीची भिंत रीतसर, आणि मधला हा तुकडा कशाबशा दडपलेल्या विटांचा. छातीएवढा उंच, चांगला रुंद. मला वाटलं, जुनं दार असणार, बुजवलेलं. पण दार म्हणावं तर वर लिंटेलची तुळई नाही, खाली उंबरा नाही. नुसतं भगदाड पाडलेलं आणि परत भरलेलं. आणखी एक गोष्ट दिसली. या तुकड्याच्या सांध्यांना आतून कुणी हातच लावला नव्हता, सिमेंटचे ओघळ तसेच वाळलेले. बाहेर जाऊन बघितलं, तर तिकडून मात्र सफाईनं थापी फिरवलेली. म्हणजे गवंडी उसाच्या बाजूला उभा राहून काम करत होता. घराची भिंत बाहेरून कोण बुजवतं? मला फार नवल वाटलं. पण नवल वाटून मी काय केलं, तर छिन्नी घेतली.

इथं दार बसवायचं मी ठरवलं. पोरीला वारा मिळेल, उसाची हिरवाई दिसेल. विटा निघाल्या तशा वरच्या विटा खाली यायला लागल्या, त्यांना लोखंडी अँगल लावून कसंबसं थोपवलं. भंगारवाल्याकडून जुनं सागवानी दार आणलं, चौकटीसकट. चौकट बसवायला मला चर्चच्या इमारतीएवढा वेळ लागला, असं ग्लॅडिस म्हणते. पण बसली. दार लागलं, कडी बसली, मी लांब उभा राहून बघितलं आणि मला माझं कौतुक वाटलं.

त्या दिवशी दिवेलागणीला दार उघडं होतं.

चौकट ओळंब्यात नसली की दार आपोआप सरकतं, हे मला ठाऊक होतं. पट्टी लावली, बुडबुडा मध्ये. तरी खाली पाचर ठोकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत उघडं. बिजागरी बदलली. रंध्यानं कड तासली, ती इतकी तासली की फटीतून हात जाईल. फट बुजवायला लाकडाची पट्टी मारली, तर दार अडकायला लागलं, मीच खांदा लावल्याशिवाय उघडेना. आणि संध्याकाळी बघावं, तर सताड उघडं, कडी काढून बाजूला नीट वळवून ठेवलेली. कडी आतून होती. वाऱ्यानं दार ढकललं जाईल, पण वारा कडी कशी काढेल?

खोटं कशाला सांगू, मला भीती वाटली नाही. उलट डोक्यात किडाच वळवळायला लागला. एका संध्याकाळी मी चहा घेऊन दारासमोर खाटेवर बसलो. उसात पानं घासल्याचा आवाज होता, तो रोजचाच. उजेड उतरायला लागला तसा एक वास आला. तव्यावर तंबाखू भाजल्याचा. मिश्रीचा. आमच्या घरात मिश्री कुणी लावत नाही. मग आवाज आला, हलका... टिक, टिक. पत्र्याच्या डबीवर बोट वाजवावं तसा. मिश्रीची डबी उघडण्याआधी बायका वाजवतात बघा, तसा. मी कान दिला. तेवढ्यात ग्लॅडिसनं पुढून हाक मारली, मी मान वळवली, आणि परत बघितलं तेव्हा दार उघडं होतं. एवढंसं करकरलंसुद्धा नाही. माझ्या हातचं दार आणि करकरलं नाही.

मर्सी यायच्या आदल्या दिवशी मी उंबरा ओतला. म्हटलं, खालून अडकाव झाला की दार हलणार नाही. ओलं सिमेंट थापीनं गुळगुळीत केलं, वर पोतं टाकलं. सकाळी पोतं बाजूला, आणि सिमेंटात पाऊल उमटलेलं. अनवाणी, बाईचं, बारीक. बोटं घराच्या आत वळलेली.

मी ग्लॅडिसवर ओरडलो. तिनं काही न बोलता आपला पाय त्या पावलाशेजारी ठेवला. तिचा पाय चांगला मोठा. तिनं वाकून बघितलं आणि हळूच म्हणाली, "अहो, जाणारं पाऊल कुठंय?"

ते नव्हतं. एकच, आत येणारं.

तेव्हा मी शंकररावांना फोन लावला. भीती म्हणून नाही. मला कळून घ्यायचं होतं, त्या भिंतीत मुळात होतं काय.

"शंकरराव, मागच्या खोलीला पूर्वी दार होतं का हो?"

"मागं? न्हाई. मागं दार न्हवतंच कवा."

"मग ते बुजवलेलं कसलं? मी उघडलंय ते. दार बसवलंय."





"याकोबराव... उंबऱ्यापशी काय दिसलं का? पाऊल?"

"हो. तुम्हाला कसं..."

"दुसरं बोट अंगठ्यावर चढल्यालं हाय?"

मी पाहायला गेलो. मघाशी लक्ष दिलं नव्हतं. अंगठ्यावर दुसरं बोट चढलेलं होतं.

"माझी आई," शंकरराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "सारजाबाई. पंचकात गेली ती, वाईट नक्षत्रावर. तुमच्यात ह्ये नसंल, पर आमच्यात पंचकात गेल्यालं माणूस दारातनं न्हेत न्हाईत. दारातनं न्हेलं की वाट बघून ठिवतं. मागची भिंत फोडायची, तितनं काढायचं, आन् लोक नदीवरनं यायच्या आत भिंत लावून टाकायची. मंग ते परत आलं तरी त्याला वाट घावत न्हाई."

"आणि वाट सापडली तर?"

"पंचकातलं माणूस एकटं जात न्हाई, याकोबराव. जोडीला न्हेतं. अख्ख्या आळीची बाळं आईनं न्हाऊ घातली. आन् आपल्या नातवाचं तोंड बघायच्या आधी गेली. तवा भिंत लावायला आमाला जरा उशीर झाला हुता. उलीसाच... महिन्याच्या आत त्येच तान्हं पोरगं गेलं आमचं. काय आजार न्हाई, काय न्हाई. मंग घर सोडलं."



"तुमी दार काढा. आत्ताच्या आत्ता बुजवा," ते म्हणाले.

नक्षत्र, पंचक हे आमच्या घरात नाही. पण मर्सी त्याच संध्याकाळी येणार होती, आणि ग्लॅडिस शेजारी उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "बंद करा ते. प्रार्थना मी करते, भिंत तुम्ही बांधा."

दार काढण्यातच दिवस कलला. जे दार रोज आपोआप उघडायचं, त्याची चौकट काही केल्या निघेना. शेवटी पहारीनं उचकटली. उंबरा फोडला. विटा लावायला घेतल्या तेव्हा उसात अंधार भरला होता. त्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं बिबट्यानं नेलं होतं. आता तिन्हीसांजेला उसाकडं पाठ करून इथं कोण उभं राहील? मी खोलीत उभा राहून, आतून भिंत घ्यायला सुरुवात केली.

काम असं झरझर झालं म्हणून सांगू. थापीनं माल टाकायचा, डावा हात मागं करायचा, हातात वीट यायची. माल, हात मागं, वीट. मी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. ग्लॅडिस देतेय, हे धरूनच चाललो होतो. एकदा म्हणालोही, "दमानं दे गं." विटा गार होत्या, ओल्याचिंब, मनगटावरून पाणी ओघळत होतं. मला बरं वाटलं. म्हटलं, कट्टा पडल्यापासून बाई शहाणी झाली, भिजवून देतेय. शेवटची वीट दडपली आणि मागं वळलो, तर बादली होती, बाकी कुणी नव्हतं. तेवढ्यात पुढून गाडीचा हॉर्न वाजला आणि मर्सी आली म्हणून मी तसाच मळक्या हातांनी धावलो.

नातीचा जन्म इथल्याच दवाखान्यात झाला. मुलगी, गोरीपान, मोठ्या आवाजाची. दिवसभर घर डोक्यावर घ्यायची, पण दिवेलागण झाली की एकदम गप्प. पाळण्यात डोळे उघडे ठेवून कुठंतरी बघत हसायची. मर्सी म्हणायची, "पप्पा, संध्याकाळी हिचं काय होतं कळत नाही, पण देवाची कृपा." मिश्रीचा वास अधूनमधून यायचा. ग्लॅडिस शेजारणीचं नाव घ्यायची. मला आत कुठंतरी खुपायचं, की वाट बंद आहे तर वास कसा? पण भिंत इतकी छान झाली होती! माझ्या हातचं टिकलेलं तेवढं एकच काम. नाण्यानं वाजवली तर दगडासारखी बोलायची. मी पाहुण्यांना दाखवायचो.

तीच मी परवा शंकररावांना दाखवली. मर्सी सकाळीच जॉन्सनबरोबर, म्हणजे आमच्या जावयाबरोबर, बाळाला घेऊन दौंडला गेली आणि दुपारी शंकरराव आले. बाळाला झबलं-टोपडं घेऊन आले होते, चुकामूक झाली म्हणून हळहळले. मग भिंत बघायला आत आले. सांध्यांवरून बोट फिरवलं. बाहेर जाऊन आले.

"थापी आतनं फिरलीया," ते म्हणाले. "भाईरनं ओघळ हायत. आतनं लावली?"

"बिबट्याची भीती होती. का?"

"आतनं?" त्यांनी परत सांध्यावर बोट टेकवलं. "आवो, ती भाईर असताना लावायची आसती भिंत. भाईरनं, दिवसा. ह्ये सांगायचं आसतं व्हय? आमच्यात बारक्या पोराला ठावं आसतं." मग त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "लावताना दिवेलागण झाली हुती का? हुती? मंग सांगा... ती तवा भाईर हुती, का आत?"

मी हसणार होतो. हसता हसता मला त्या ओल्या विटा आठवल्या.

"ग्लॅडिस," मी हाक मारली. "त्या दिवशी मला विटा तू देत होतीस ना?"

ती दारात आली. "मी? मी तर पुढं फाटकात होते, मर्सीची वाट बघत. मी मागं आलेच नाही."

तिला बाहेर जायला वाट म्हणून आम्ही तिघांनी मिळून ती भिंत भर दुपारी फोडली. शंकररावांनी स्वतः पहार घेतली, साठी उलटलेला माणूस. उन्हाची तिरीप खोलीत आली. मग आम्ही बाजूला बसून राहिलो. संध्याकाळ झाली, उसाची पानं घासली. मिश्रीचा वास आला नाही. डबी वाजली नाही. घर इतकं मोकळं वाटायला लागलं, की मला रडूच आलं.

"गेली," मी म्हटलं. "गेली बघा, शंकरराव."

ग्लॅडिस रिकाम्या पाळण्याकडं बघत होती. ती म्हणाली, "आपण भिंत फोडायच्या आधीच गेली असेल तर? सकाळी बाळाला न्यायला पुढचं दार आपणच उघडलं होतं."

मघाशी, तुम्ही यायच्या थोडं आधी, मर्सीचा फोन आला. आनंदात होती. "पप्पा, आमच्या बेडरूमचं दार लागेना झालंय. कडी लावली तरी उघडतं. जॉन्सन सुतार बोलवतो म्हणाला, मी म्हटलं माझे पप्पा असताना कशाला? सवडीनं या. येताना ती तुमची बुडबुड्याची पट्टी आणा."

मी हो म्हटलं.

"आणि मम्मीला थँक्यू सांगा हं. ती बाई पाठवली ना, बाळाला न्हाऊ घालायला. म्हातारी आहे, बोलत नाही फारशी, पण हात काय हलका! बाळ रडतच नाही तिच्याजवळ. तेवढी मिश्री लावते, म्हणून मी म्हटलं लावू दे..."

"मर्सी, ती आत्ता आहे का तिथं?"

"आहे ना. बाळाला मांडीवर घेऊन बसलीय आतल्या खोलीत."

मी बाळाला घेऊन आत्ताच्या आत्ता बाहेर पड म्हणून ओरडलो. पण माझ्या बोलण्याच्या आधीच तिनं फोन ठेवला होता. तेव्हापासून ग्लॅडिस लावतेय. रिंग जाते, कुणी उचलत नाही. जॉन्सन ड्यूटीवर आहे.

ही गाडी आली वाटतं. कंदील जरा वर धरा, पिशवी बांधतो. हातोडी घेतली, छिन्नी घेतली, थापी घेतली. विटा तिकडं मिळतील, भिजवीनही. तिला काढायला भिंत फोडीन आणि दिवसा लावीन, जशी सांगितली तशी. पण मर्सीचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. तिथं बाहेरून उभं कुठं राहायचं, ते काही मला अजून कुठल्या व्हिडिओत सापडलेलं नाही.